सांखळीच्या ट्रॅक्टराचे पाय

जुनें यंत्र विकत घेतांना किंवा विकून टाकतांना बहुतेक लोक आधीं त्याचें इंजिन ऐकतात. इंजिन एका दमांत सुरू झालें, धूर फारसा काळा नाहीं असें दिसलें, कीं यंत्र अजून दहा वर्षें चालेल असा निर्वाळा देऊन मोकळे होतात. चाकांच्या ट्रॅक्टराच्या बाबतींत हा निर्वाळा कांहीं अंशीं खराही ठरेल. परंतु जो ट्रॅक्टर चाकांऐवजीं लोखंडी सांखळ्यांवर रांगतो, ज्याला खेड्यापाड्यांतून सरसकट 'डोझर' किंवा 'चेनचा ट्रॅक्टर' म्हणतात, त्याची नाडी इंजिनांत नसून पायांत असते. अशा यंत्राच्या उभ्या आयुष्यांत दुरुस्तीवर जो पैसा जातो त्यांतील निम्म्याच्या आसपास केवळ पायांवर, म्हणजे सांखळ्या, दातेरी चाकें आणि रोलर यांवर खर्च होतो, असें या धंद्यांतील जाणते लोक सांगतात. आणि नेमकें या पायांकडेच कोणाचें लक्ष नसतें. कारण ते सदैव चिखलानें माखलेले असतात, आणि त्यांची कुरकुर ही त्यांची जन्माची खोड समजली जाते.

वऱ्हाडांत आमच्या थोरल्या मामांच्या वाड्यामागें असा एक ट्रॅक्टर आहे. कॅटरपिलर कंपनीचा डी-४, १९५० च्या सुमारास बनलेला. आमच्या आजोबांनीं तो पुढें एका लिलावांत घेतला. मोठें डिझेल इंजिन सुरू करण्यासाठीं त्याच्या अंगावर पेट्रोलचें दुसरें एक लहान इंजिन आहे. आधीं हातानें तें लहान सुरू करावयाचें, आणि मग त्यानें मोठ्यास जागें करावयाचें. धाकट्यानें थोरल्यास उठविण्याचा हा क्रम पाहून आजोबा मोठ्यानें हंसत. बांध घालणें, शेत समपातळींत आणणें, उन्हाळ्यांत तळ्यांतील गाळ ओढणें हीं कामें या यंत्रानें तीन पिढ्यांच्या डोळ्यांदेखत केलीं.

गेल्या उन्हाळ्यांत मात्र त्यानें हात टेकले. जोर लागला कीं सांखळी दांतांवरून उडे आणि 'खाड्' असा आवाज वाड्यापर्यंत येई. वेळही अशी कीं, पावसाळा पंचवीस दिवसांवर आलेला, आणि नाल्याकाठचा मोठा बांध आदल्या पावसाळ्यांत फुटून सात एकर काळी जमीन खरवडून गेलेली. बांध पुन्हां घातला नाहीं तर उरलेली मातीही जाणार हें सर्वांस दिसत होतें. भाड्याचें यंत्र मिळेना. त्या दिवसांत प्रत्येकाचें काम खोळंबलेलें असतें. ओसरीवर रोज संध्याकाळीं चर्चा होऊं लागली. धाकट्या मामांचें मत, भंगारवाला वजनावर जो भाव देतो आहे तो घ्यावा आणि मोकळें व्हावें. मामेभाऊ शिकलेला आणि हौशी. त्यानें वांकून पाहिलें तों दातेरी चाकाचे दांत सुळ्यासारखे टोंकदार झालेले. तेव्हां नवीं दातेरी चाकें मागवावीं म्हणजे प्रश्न मिटला, असें त्याचें म्हणणें. थोरले मामा बोलले नाहींत. त्यांनीं अकोल्याहून एका वृद्ध मिस्त्रींना बोलावणें धाडलें.

मिस्त्रींनीं काय केलें तें समजण्यासाठीं हे पाय मुळांत कसे घडलेले असतात तें थोडें पाहिलें पाहिजे. आगगाडी रुळांवरून धांवते. पण रूळ जमिनीवर खिळलेले असतात. हें यंत्र आपले रूळ स्वतःबरोबर वागवितें, पुढें अंथरतें, त्यांवरून जातें आणि मागून उचलून घेतें. सांखळीच्या कड्यांची वरची घोटीव कड हाच तो रूळ, आणि यंत्राच्या पोटाखालीं ओळीनें बसविलेले रोलर हीं त्याचीं चाकें. कड्यांच्या बाहेरील बाजूस पोलादी पाट्या बोल्टांनीं जखडलेल्या असतात. त्यांना शू म्हणतात. मागच्या बाजूस दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट सांखळी ओढतें, आणि पुढें आयडलर नांवाचें बिनदांताचें चाक तिला वळवून परत पाठवितें.

या खटाटोपाचें कारण मऊ जमीन. कॅलिफोर्नियांत स्टॉक्टन गांवाजवळ नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांतील जमीन कुजक्या पाल्याची, भुसभुशीत. तीवर वाफेचे अवजड ट्रॅक्टर रुतून बसत. बेंजामिन होल्ट या कारखानदारानें चाकें रुंद करून पाहिलीं. रुंद करतां करतां एका यंत्राची एकंदर रुंदी ४६ फुटांवर गेली! शेवटीं १९०४ च्या नोव्हेंबरांत त्यानें मागचीं चाकें काढून तेथें लांकडी फळ्या जोडलेल्या सांखळ्या बसविल्या, आणि यंत्र न रुततां पार गेलें. (त्याच्याही आधीं, १९०१ मध्यें, मेन संस्थानांतील लोंबार्ड नांवाच्या गृहस्थांनीं ओंडके ओढणाऱ्या यंत्रासाठीं असेंच पेटंट घेतलें होतें, श्रेयाच्या त्या वादांत आपण पडण्याचें कारण नाहीं.) सुरवंटासारखें रांगतें म्हणून त्या यंत्रास इंग्रजींत सुरवंट म्हणजे कॅटरपिलर हें नांव पडलें, आणि १९२५ मध्यें होल्ट व बेस्ट या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या तेव्हां तेंच कंपनीचेंही नांव झालें.

सांखळीनें साधतें काय तें साध्या हिशेबानें कळतें. यंत्राचें वजन पांच टन धरा. प्रत्येक सांखळीचा जमिनीस टेकलेला भाग सोळा इंच रुंद आणि पांच फूट लांब धरला, तर दोन्हींचें मिळून क्षेत्रफळ १९२० चौरस इंच होतें, आणि दर चौरस इंचास भार पडतो तो सुमारें पावणेसहा पौंड. चालतांना माणूस क्षणभर एका पायावर असतो तेव्हां त्याच्या तळपायाखालीं साधारण एवढाच दाब असतो. पांच टनांचें धूड माणसाच्या पावलानें चालतें, असें म्हटलें तरी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आपल्या देशांत हीं यंत्रें मोठ्या संख्येनें शेतांत उतरलीं तीं दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारनें सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन ही संस्था चालविली, आणि माळवा, भोपाळ, बुंदेलखंड या भागांतील कांस गवतानें गिळलेल्या जमिनी नांगरावयास घेतल्या. कांसाचीं मुळें इतकीं खोल जातात कीं, बैलांच्या नांगरानें तीं निघत ना. या कामाच्या यंत्रांसाठीं जागतिक बँकेनें १९४९ मध्यें भारतास १ कोटी डॉलर कर्ज दिलें. काळी जमीन आणि सांखळीचा ट्रॅक्टर यांची गांठ आपल्याकडे अशी पडली; आणि काळी जमीन सांखळीस किती छळते हेंही तेव्हांपासून मिस्त्री लोकांस ठाऊक झालें.

आतां मुख्य मर्माकडे वळूं. सांखळीच्या दोन कड्या जेथें जुळतात तेथें एक जाड पोलादी पिन असते, आणि तिच्यावर बुश म्हणजे पोलादी नळी असते. पिन एका कडीच्या जोडींत ठोकून घट्ट बसविलेली, बुश शेजारच्या जोडींत तसाच घट्ट. बुशांत पिन मात्र हलूं शकते; हाच सांखळीचा गुडघा. सरळ चालतांना हा गुडघा वांकत नाहीं. तो वांकतो केवळ पुढच्या व मागच्या चाकावर चढतांना आणि उतरतांना. आणि प्रत्येक वेळीं एकाच दिशेस, एकाच अंगावर ताण घेऊन. त्यामुळें पिन एका अंगानें झिजते, बुश आंतून एका अंगानें झिजतो, आणि दांत ज्या बाजूस टेकतो त्या बाजूनें बुश बाहेरूनही झिजतो. दुसरें अंग मात्र वर्षानुवर्षें कोरें राहतें. या लेखांत सांगावयाचें तें या कोऱ्या अंगाविषयीं.

'सांखळी ताणली' असें सर्वजण म्हणतात. पण पोलाद कांहीं ताणत नाहीं. प्रत्येक गुडघ्यांत केंसाएवढी फट पडते, आणि अशा छत्तीस फटी मिळून सांखळी लांब होते. कड्यांमधील अंतर वाढतें, पण स्प्रॉकेटाच्या दांतांमधील अंतर होतें तेंच राहतें. मग बुश दांताच्या खोबणींत नीट न बसतां दांतावर चढतो, घसरतो, त्याचें टोंक कुरतडतो. दांत सुळ्यासारखे होतात ते यामुळें. म्हणजे दांत दिसावयास अपराधी, पण मूळ दुखणें सांखळीच्या गुडघ्यांत.

मिस्त्री आले ते हातांत पहार नव्हे, फूटपट्टी घेऊन. मामेभावानें आपलें निदान सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, "भाऊ, दांत झिजले हें खरं. पण दांतांनी चेन खाल्ली का चेननं दांत, तें आधी मोजूं द्या." त्यांनीं एक जुनी पिन स्प्रॉकेट व सांखळी यांच्यामध्यें अडकविली, यंत्र किंचित् मागें घ्यावयास लावलें, आणि सांखळीचा वरचा पदर ताठ करून चार कड्यांचें अंतर पिनेच्या कडेपासून पिनेच्या कडेपर्यंत मोजलें. जोडाची जी खास पिन असते ती त्यांनीं मापांत येऊं दिली नाहीं, कारण तिची झीज निराळी. चार कड्यांत तीन सूत वाढ भरली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. छत्तीस कड्यांचा हिशेब केला तर सत्तावीस सूत, म्हणजे जवळजवळ साडेतीन इंच. नंतर त्यांनीं बुशांची बाहेरील जाडी कॅलिपरनें पाहिली, प्रत्येक बुशावर हातोडीचें टोंक हलकेंच वाजवून फुटका कोणता तें ऐकलें, आणि ओसरीवर येऊन पाणी मागितलें.

त्यांचा निकाल असा. नवीं स्प्रॉकेटें या जुन्या सांखळीस लावलीं, तर लांबलेली सांखळी नवे दांत थोड्याच हंगामांत जुन्यांसारखे करील. नवी सांखळी जुन्या स्प्रॉकेटांवर चढविली, तर झिजलेले दांत नवे बुश खातील. दोन्ही नवें घ्यावयाचें तर यंत्राच्या किंमतीएवढा खर्च. परंतु बुशांच्या भिंती अजून पुरेशा जाड आहेत, तेव्हां सांखळी उकलावी, प्रत्येक पिन आणि प्रत्येक बुश अर्धा फेरा फिरवून पुन्हां त्याच जागीं बसवावा. झिजलेलें अंग ताण नाहीं तिकडे जाईल, कोरें अंग कामास लागेल, आणि सांखळीची लांबी जवळजवळ मूळची होईल. आणखी एक हंगाम दिरंगाई केली असती, तर बुश पातळ होऊन तडकले असते, आणि मग फिरविण्यासारखें कांहीं उरलें नसतें.

या उपायास कुस पालटणें म्हणावें असें मला वाटतें. त्याची सगळी किंमत वेळेंत आहे. फार लौकर केला तर पहिल्या अंगाचें आयुष्य वायां जातें. फार उशीरा केला तर दुसरें अंग हातचें जातें. आणि योग्य वेळ ही डोळ्यांनीं दिसत नाहीं, मोजावीच लागते. धाकट्या मामांनीं विचारलें, "मिस्त्री, मग हें इतके दिवस कोणी सांगितलं कसं नाहीं?" मिस्त्री म्हणाले, "मालक, कोणी मोजलंच नाही." थोरल्या मामींनीं आंतून विचारलेला प्रश्न मात्र अधिक नेमका होता: पंचवीस दिवसांत होईल का? मिस्त्रींनीं वीस दिवस मागितले.

सांखळी उतरविणें हें दांडगाईचें काम समजलें जातें. वास्तविक तें जपून करण्याचें काम आहे. यंत्र सपाट, टणक जागीं उभें केलें. पुढचा ताणाचा मोठा स्क्रू सैल करून आयडलर मागें घेतलें. जोडाची पिन बहुधा तिच्या टोंकावरील खळगीवरून किंवा निराळ्या घडणीवरून ओळखूं येते. ती सोईच्या जागीं आणून, सांखळीखालीं लांकडी ठोकळे घालून मग बाहेर काढली. ठोकळे न घालतां पिन काढली तर कित्येक मण लोखंड एकदम सुटून खालीं येतें, आणि तें कोणाच्या पायावर येईल तें पाहत नाहीं. पिनेवर घण घालतांना मिस्त्रींनीं सर्वांना मागें सरावयास लावलें आणि स्वतः डोळ्यांवर जाड कांचेचा चष्मा चढविला. पाणी दिलेल्या पोलादावर घण बसला कीं त्याची कपची बंदुकीच्या गोळीसारखी उडते. गांवांतील तरुणांना हा चष्मा म्हणजे भित्रेपणा वाटला. मिस्त्रींचा डावा डोळा त्यांनीं नीट पाहिला नसावा.

याहून मोठा धोका निराळ्या ठिकाणीं लपलेला असतो, आणि ज्यांच्या घरीं असें यंत्र आहे त्यांनीं तो नीट समजून घ्यावा. आयडलरच्या मागें चौकटीच्या आंत एक जाडजूड स्प्रिंग असते. सांखळी व दातेरी चाक यांच्यामध्यें दगड सांपडला तर आयडलरनें थोडें मागें सरावें, सांखळी तुटूं नये, यासाठीं ती योजना आहे. ही स्प्रिंग कारखान्यांतच कित्येक टनांच्या जोरानें दाबून बोल्टानें जखडलेली असते. यंत्र बंद आहे, सांखळी काढलेली आहे, सर्व कांहीं शांत आहे, तरी ती दाबलेलीच असते. तिचा बोल्ट गॅसनें कापून काढण्याचा मोह गांवोगांवच्या वेल्डरांस होतो, आणि त्यांत माणसें जागच्या जागीं प्राणास मुकलेलीं आहेत. तिला योग्य प्रेस व योग्य सळया असल्यावांचून हात लावूं नये. पुढें १९५० नंतरच्या दशकांत ताण देण्यासाठीं स्क्रूऐवजीं ग्रीसनें चालणारे दट्टे आले. त्यांतील ग्रीसही अतिशय दाबाखालीं असतें, आणि त्याची तोटी उघडतांना तोंड किंवा हात समोर धरणें म्हणजे जिवावर उदार होणें होय. आमच्या यंत्राची स्प्रिंग शाबूत होती. मिस्त्रींनीं तिच्याकडे दिवा धरून पाहिलें, मान हलविली आणि तिला सोडून दिलें.

दोन्ही सांखळ्या लॉरीवर घालून अकोल्यास प्रेस असलेल्या एका कारखान्यांत नेल्या. एकेक पिन बाहेर काढण्यास पन्नास टनांहून अधिक जोर लागला तरी नवल नाहीं, इतक्या त्या घट्ट असतात. हें काम घरच्या अंगणांत घणानें करण्याचा हट्ट धरला तर कड्यांचीं भोकेंच बिघडतात, आणि सैल भोकांतली पिन पुढें चालतां चालतां बाहेर येते. मी त्या वेळीं तेथें दोन दिवस होतों. बाहेर आलेली प्रत्येक पिन पाहण्यासारखी होती. एक बाजू नव्यासारखी गोल. दुसऱ्या बाजूस चंद्रकोरीसारखी खांच. ओळीनें मांडलेल्या त्या पिना पाहून मामेभाऊ बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

तीन बुश काढतांना फुटले. कारखान्याच्या मालकांनीं तीन नवे बुश घालण्याची तयारी दाखविली. मिस्त्री "नको" म्हणाले, आणि उन्हांत जाऊन मागच्या भंगाराच्या ढिगांतून तासाभरानें तीन बुश घेऊन आले. माप पाहिलें तर आमच्या बुशांइतकेच झिजलेले. नवा बुश जाड, त्यामुळें दांतावर तो इतरांच्या आधीं टेकतो, आणि सगळा भार क्षणभर त्या एकट्यावर येतो. तो तरी तडकतो, नाहीं तर दांत तरी खातो. बरोबर झिजलेल्यांचीच संगत बरी, हा मिस्त्रींचा सिद्धान्त एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींस वेगळा समजावून सांगावयास नको.

राहिलीं दातेरी चाकें. त्यांचे दांत पुढें चालण्याच्या बाजूनेंच झिजले होते; मागें चालण्याची बाजू बरीच शाबूत होती. तेव्हां डावें चाक उजवीकडे आणि उजवें डावीकडे घातलें, म्हणजे न झिजलेली बाजू पुढें येते. सांगावयास हें सोपें. पण तीं आंसावर फार घट्ट चढविलेलीं असतात, आणि तीं उतरविण्यांतच मिस्त्रींचे चार दिवस गेले. या चाकांविषयीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यांच्या दांतांची संख्या बहुधा विषम ठेवतात. सांखळीचा बुश एकाआड एक दांतावर बसतो. संख्या विषम असल्यामुळें एका फेऱ्यांत जे दांत रिकामे राहिले त्यांचीच पाळी पुढच्या फेऱ्यांत येते. संख्या सम असती तर निम्मे दांत जन्मभर राबले असते आणि निम्मे जन्मभर पाहत राहिले असते.

रोलरांची कथा थोडक्यांत सांगतों. दोन रोलरांतून तेल गळत होतें, म्हणजे आंतील सील गेले होते, ते बदलले. एक रोलर मुळीं फिरतच नव्हता. चिखल वाळून विटेसारखा घट्ट झाल्यामुळें तो अडकला होता, आणि वरून कड्या घासून घासून त्याचा एक भाग चपटा झाला होता. त्यावर वेल्डिंगनें पोलादाचा थर चढवून तो लेथवर पुन्हां गोल केला. शूंवरील जमिनींत रुतणाऱ्या कडा झिजून बोथट झाल्या होत्या. त्यांवरही पट्ट्या जोडतां आल्या असत्या, परंतु दिवस उरले नव्हते आणि मातीकामास त्या कडा चालण्यासारख्या होत्या, म्हणून तें काम पुढें ठेवलें. मला तें योग्य वाटलें. दुरुस्तींत सर्व कांहीं एकदम नवें करण्याची हौस पुष्कळदां मूळ कामाचाच घात करते.

यंत्र खालीं उघडें पडलें असतां मिस्त्रींनीं त्याच्या सवयीही वाचून दाखविल्या. डावी सांखळी उजवीपेक्षां अधिक झिजलेली होती, कारण शेताच्या टोंकाशीं नेहमीं एकाच बाजूस वळावयाचें अशी चालकाची रीत. मागें जातांना वेग फार ठेवीत असावेत हें बुशांच्या दुसऱ्या बाजूवरील चकाकीवरून त्यांनीं ओळखलें; मागच्या चालींत बुश दांतावर भाराखालीं फिरतो, म्हणून रिकामें मागें धांवणें हें पुढें ओझें ढकलण्यापेक्षांही महाग पडतें. आणि सर्वांत वाईट म्हणजे सांखळी फार ताठ ठेवली होती. सैल सांखळी उडते म्हणून घाबरून लोक स्क्रू आवळीत जातात. ताठ सांखळींत प्रत्येक गुडघा विनाकारण दाबाखालीं वांकतो, आणि झीज कित्येक पटीनें वाढते. त्यांत काळ्या जमिनीचा ओला चिखल दांतांच्या खोबणींत भरला कीं दांतांचा घेर जणूं वाढतो, आणि सांखळी आपोआपच आणखी ताठ होते. म्हणून ताण पाहावयाचा तो गोठ्यांत धुऊन पुसून उभ्या केलेल्या यंत्राचा नव्हे, तर शेतांत चिखलांत काम करणाऱ्या यंत्राचा. आणि संध्याकाळीं काम संपलें कीं चिखल ओला असतांनाच पहारेनें व फावड्यानें काढून टाकावयाचा. सकाळीं तो विटेसारखा होतो आणि मग कोणीच काढीत नाहीं.

मीं विचारलें, या गुडघ्यांना तेल कां देत नाहींत? मिस्त्री हंसले. या जुन्या पद्धतीच्या कोरड्या सांखळीस वरून तेल घातलें कीं त्यांत धूळ चिकटते, आणि तेल व वाळू यांचा जो लगदा होतो तो पोलाद घासण्याकरितांच मुद्दाम बनविल्यासारखा असतो. १९७० नंतरच्या दशकांत आंत तेल कोंडून तोंडास सील लावलेल्या सांखळ्या निघाल्या. त्यांच्या पिना आंतून क्वचितच झिजतात. पण तो निराळा वंश. आमच्या यंत्राची सांखळी कोरडी, आणि ती कोरडीच राहिली पाहिजे.

एकोणिसाव्या दिवशीं दोन्ही सांखळ्या चढल्या. सांखळीच्या वरच्या पदरावर, वरचा रोलर आणि आयडलर यांच्यामध्यें, मिस्त्रींनीं एक सरळ फळी आडवी ठेवली आणि फळीपासून सांखळीपर्यंतचा झोळ मोजला. सव्वा इंच आला. धाकट्या मामांनीं "अजून थोडा आवळा" म्हटलें. कोणी ऐकलें नाहीं. खर्चाची बेरीज भंगाराच्या भावाहून बरीच अधिक आणि नव्या सांखळ्या व स्प्रॉकेटांच्या किंमतीहून बरीच कमी झाली. ती थोरल्या मामांनीं वहींत मांडली आणि तिच्याखालीं चार कड्यांचें नवें माप तारखेसह लिहिलें. मामेभावानें तीच नोंद आपल्याही टिपणवहींत उतरून घेतली. दर शंभर तासांच्या कामानंतर मोजण्याचें काम आतां त्याच्याकडे आहे.

विसाव्या दिवशीं सकाळीं लहान इंजिनानें मोठ्यास उठविलें आणि यंत्र नाल्याकडे निघालें. दोन तास काम झाल्यावर मिस्त्रींनीं तें थांबविलें, आणि शूचा प्रत्येक बोल्ट पुन्हां कसून घेतला. नव्यानें जुळविलेले भाग पहिल्या भाराखालीं एकमेकांत बसतात आणि बोल्ट सैल पडतात. सैल बोल्ट भोक मोठें करतो, आणि मोठ्या भोकांत पुढें कोणताच बोल्ट टिकत नाहीं. झोळ पुन्हां मोजला; पाव इंच वाढला होता. स्क्रू एक फेरा आवळला. मग त्यांनीं चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनें ते अकोल्यास गेले. चार दिवसांनीं बांधाचा शेवटचा थर पडला, आणि त्याच रात्रीं मृगाचा पहिला पाऊस आला.